परग्रहावरचा चुना आणि आमचा निळा ड्रम

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, आणि आमच्या घरातला पाण्याचा मोठा ड्रम मी वितळवलेला आहे. (या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं मी बरेच दिवस सांगून पाहिलं.)

दिवाळीच्या सुट्टीत मुलीने संगणकावर एक खेळ टाकून दिला. परग्रहावर उतरायचं आणि कारखाने उभारायचे. तिथे यंत्रात चुनखडी घातली, पाण्याची नळी जोडली, की सहा सेकंदांत काँक्रीटची लादी बाहेर. भट्टी नाही, धूर नाही, कोणाचा हात भाजत नाही. पहिल्या दिवशी मी मुलीला ऐकवलं की चुनखडी भाजल्याशिवाय पाण्याला दाद देत नाही. आठवड्याभरात माझे चार कारखाने झाले आणि खरी समीकरणं आठवायला मला वेळ लागू लागला.

त्यातच मागच्या अंगणातला धुण्याचा ओटा खचला. गवंडी चार दिवस 'उद्या येतो' म्हणत होता. मी ठरवलं, ओटा आपणच बांधायचा. चुन्यात कालवायच्या राखेला परळीत तोटा नाही, वीजकेंद्रातून उडून ती दोरीवरच्या कपड्यांवर आपोआप येऊन बसते. कळीचा चुना, म्हणजे भाजलेली चुनखडी, मी बाजारातून गोणीभर आणला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गहू निवडत होत्या. चुना कशात भिजवणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ड्रममध्ये. त्या पुढे काही बोलणार होत्या, पण मला सहा सेकंदांची घाई होती.

मी ड्रममध्ये गोणी रिकामी केली आणि वरून दोन घागरी पाणी ओतलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ड्रम गुरगुरला. वाफेचा लोट उठला, आत पिठलं शिजावं तसं रटरटू लागलं. खेळात अशा वेळी बंद करायचं बटण असतं. मी ड्रमभोवती ते शोधत असल्यासारखी फिरले. तेवढ्यात आत्याबाईंनी दंड धरून मला मागे ओढलं.

"व्हय बाजूला, डोळ्यात उडंल."

ड्रमचं पोट सुटलं, बूड मऊ पडलं आणि पांढरा लोंढा अंगणभर पसरला. नळाला आठ दिवसांतून एकदा येणारं पाणी नेमकं दुसऱ्या दिवशी येणार होतं, आणि ते साठवायचा ड्रम आता पापडासारखा दुमडला होता.

मी रडकुंडीला आले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "चुना खड्ड्यात विझवतेत, बाई. प्लाश्टिकात न्हाई." मग त्यांनी गार झालेला चुना खराट्याने गोळा करून कुंपणाची भिंत पांढरी करून घेतली. दुसऱ्या दिवशी पाणी आम्ही पातेल्यांत, कळशांत आणि कुकरमध्ये भरलं.

संध्याकाळी त्या संगणकापाशी येऊन बसल्या.

"हितं चुना उकळत न्हाई का?"

"नाही, आत्याबाई."

"मंग तू हितंच बांध."

आज त्या ग्रहावर माझे चौदा कारखाने चालू आहेत. घरात मात्र आत्याबाई पानाला चुना स्वतःच लावून घेतात. ती डबी कुठे ठेवतात, हे मला अजून कळलेलं नाही.