पोस्टकार्डावर पहिलं नाव काकूंचं

काकूंच्या रेडिओचं लायसन भरायला म्हणून पोस्टात गेलो आणि गाण्याच्या फर्माईशीचं पोस्टकार्ड टाकून परत आलो. लायसन राहिलं.

त्या काळी रेडिओ ठेवायचा तर लायसन लागायचं. छोटंसं पुस्तक असे. दरवर्षी पोस्टात जाऊन त्यात नवं तिकीट चिकटवायचं, वर शिक्का मारून घ्यायचा. नाही केलं तर पोस्टाचे साहेब घरी येणार आणि रेडिओ उचलून नेणार.

काकू बालाघाटला आमच्या शेजारी राहायच्या. काका जंगलखात्यात होते, ते वारले. मुलगा परसवाड्याला मास्तर, महिन्या-दोन महिन्यांनी बसने येणारा. काकूंचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेले. घड्याळ दिसत नसे, म्हणून त्यांचा दिवस रेडिओवर चाले. सकाळच्या बातम्या लागल्या की चहा, संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की देवाजवळ दिवा. घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतंच. रेडिओवर स्वतः विणलेलं झाकण घालायच्या आणि ते काढताना त्याला म्हणायच्या, "बोल बापू."

रविवारी दुपारी फर्माईशीची गाणी लागायची, तेव्हा आम्ही आळीतले पाच-सहा जण काकूंच्या ओसरीवर जमायचो. काकू प्रत्येकाला विचारायच्या, "या हप्त्यात काय आयकलं रे नवीन?" सांगावंच लागे. कोणी लांजीच्या लग्नात ऐकलेलं सांगे, कोणी टाकीजबाहेर उभं राहून फुकट ऐकलेलं.

मी त्या आठवड्यात गोंदियाच्या एका हॉटेलात एक गाणं ऐकलं होतं. ऐकता ऐकता माझी बालाघाटची छोट्या लाईनची आगगाडी सुटली, इतकं चांगलं. बाईचा आवाज, मागे नुसती बासरी आणि शेवटच्या ओळीला तो आवाज असा खाली उतरायचा, की समोरचा चहा निवला तरी कळू नये. काकूंना ते ऐकवायचंच, म्हणून मी ओसरीवर गाऊन दाखवलं.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे गाणं होय? मले वाटलं तुह्या पोटात दुखून राह्यलं."

सगळे हसले. मला मात्र इरेला पेटल्यासारखं झालं. खरं गाणं यांना ऐकवीनच, असं मनाशी ठरवलं.

त्याच आठवड्यात त्यांनी लायसनचं पुस्तक माझ्या हाती दिलं. "मुदत संपून राह्यली. भरून आणजो बापू. पोरगा काही लवकर येत नाही." मी तहसीलीत कारकून. मुदत उलटलेला अर्ज घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणं हे माझं रोजचं काम आणि त्यात माझा हातखंडा होता. माझ्याइतका योग्य माणूस त्यांना दुसरा कोण मिळणार?

पोस्टात रांग मोठी होती. रांगेत उभं राहण्यापेक्षा तोवर पोस्टकार्ड लिहून टाकू म्हटलं. दोरीला बांधलेला टाक घेतला आणि बसलो. सिनेमाचं नाव हॉटेलवाल्याला विचारून ठेवलंच होतं. अडचण आली नावांची. फर्माईशीत ऐकणाऱ्यांची नावं लिहायची पद्धत आणि ती रेडिओवर वाचून दाखवत. आधी कोणाचं लिहू? ज्याचं मागे पडेल तो रुसणार. शेवटी काकूंचं पहिलं लिहिलं, मानाने, पूर्ण नाव, वॉर्डासकट. माझं सर्वांत शेवटी, विनयाने, पण अक्षर जरा मोठं. कार्ड पेटीत टाकून वळलो तर खिडकी बंद.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "झालं काय रे काम?"

मी म्हणालो, "हौ काकू, झालं."

उद्या सकाळी भरून टाकू, मग ते खरंच होईल, असा काहीसा हिशेब असावा. "पुस्तक माझ्याकडेच नीट ठेवतो," असंही वर सांगितलं. उद्याचा परवा झाला, मग ते पुस्तक माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली गेलं आणि माझ्या डोक्यातूनही.

दोन महिन्यांनी एका रविवारी रेडिओतला माणूस म्हणाला, "बालाघाट से..." आणि पहिलं नाव काकूंचं. ओसरीवर एकच कल्ला झाला. काकूंनी हात वर केला, सगळे गप्प. गाणं सुरू झालं. शेवटच्या ओळीला तो आवाज खाली उतरला, तशी काकूंची मान हळूहळू खाली गेली. गाणं संपलं. मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "बेस आयकवलं रे बापू." मी त्या दिवशी दोन बोटं उंच झालो होतो.

पण तेच गाणं पोस्टातला लायसनचा बाबूही आपल्या घरी ऐकत होता. काकूंचं नाव, वॉर्ड, सगळं त्याच्या कानावर गेलं. सोमवारी त्याने रजिस्टर काढलं. बुधवारी साहेब ओसरीवर हजर.

"माताजी, रेडियो का लाइसेंस दिखाइए."

काकू निवांत. "है ना भैया, भरलेलं है." मी नेमका तिथेच होतो. मला म्हणाल्या, "जाय रे, पुस्तक आण. दाखव त्याईले यंदाचं तिकीट."

मी घरी गेलो. ट्रंक उपसली. मागच्या दाराने निघून खैरलांजीला मामाकडे जावं, असं फार मनात आलं. पण मामा तरी काय म्हणणार होता? पुस्तक घेऊन परत आलो. साहेबांनी पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं.

"काहून चूप झाले दोघं?" काकूंनी हात पुढे केला. साहेबांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकेका पानावर बोट फिरवलं. मागच्या वर्षीचं तिकीट बोटाला लागलं, त्याच्या आधीचं लागलं. यंदाचं पान गुळगुळीत होतं. त्यावर बोट दोनदा फिरलं आणि थांबलं.

मी साहेबांना सांगितलं की चूक माझी आहे. ते म्हणाले, "रेडियो तो आपके नाम पर नहीं है." कागदावर काकूंचा अंगठा घेतला. विणलेलं झाकण काकूंनी स्वतः काढलं, घडी केली आणि मांडीवर ठेवली. शिपायाने रेडिओ उचलला.

रेडिओ परत आला, पण मुलाने परसवाड्याहून चार खेपा घातल्यावर, अडीच महिन्यांनी. मधले दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. काकू दुपारीच दिवा लावायच्या. सकाळी दोनदा चहा ठेवायच्या. बातम्यांची वेळ झाली असं वाटलं की मान रेडिओच्या रिकाम्या कोनाड्याकडे वळायची. मला त्या एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मीच एक प्रायश्चित्त काढलं. संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात उभं राहून गाणी ऐकायची आणि ओसरीवर येऊन काकूंना गाऊन दाखवायची. चार दिवस त्यांनी मुकाट ऐकलं. पाचव्या दिवशी मी त्यांचं लाडकं, ते फर्माईशीचं गाणं घेतलं. शेवटच्या ओळीला आवाज खाली उतरवायला गेलो, तर काकूंनी तसाच हात वर केला.

"चूप राह्य," त्या म्हणाल्या. "रेडिओ तं घालवलाच. आता मले जेवढं आठवते, तेवढं तं राहू दे."