सोन्याचं लाल पाणी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत इंजिनीअर होतो आणि रविवारी शेजारच्या अष्टमी गावात, एका दुकानाच्या माडीवर, नॅनोटेक्नॉलॉजीचा वर्ग घ्यायचो. हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. दुकानदार लोकांना सांगायचा, "वर ते सर बारीक-बारीक शिकवतात." याहून बरी व्याख्या मला आजही सुचलेली नाही.

वर्गात दोन पंथ होते. इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं पेण-कासूकडून गाडीनं यायची, आणि कंपन्यांतले इंजिनीअर शिफ्ट संपवून, डोळे चोळत. या कंपनीवाल्यांना टनाखाली काही मोजायची सवय नाही. "साहेब, जे दिसतच नाही त्याचं पॅकिंग कसं करायचं?" असं एकजण दर रविवारी विचारायचा आणि बाकीचे खिदळायचे. मी चिडायचो. माझ्या नाकावर तेव्हा रागच बसलेला असे.

पोरांत कासूकडच्या मिठागरातल्या घरची एक मुलगी होती, केमिकलच्या शेवटच्या वर्षाला. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. वडील म्हणाले, आई म्हणेल तसं. आई म्हणाली, ही काय शिकते ते आधी बघीन, मग बोलीन. एका रविवारी ती बाई खरोखरच जिना चढून आली, काष्ट्याचं लुगडं सावरत पहिल्या बाकावर बसली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मुंबईला जायचं की नाही, ते आता त्या सकाळवर होतं.

मी ठेवणीतला प्रयोग काढला. माझ्या जुन्या सरांनी दिलेल्या बाटलीत सोन्याच्या क्षाराचं थोडं पाणी तळाशी उरलं होतं. सगळं पोरीलाच करायला लावलं. तिनं ते उकळलं, त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आंबटाचा क्षार, घातला. पिवळसर रंग उडाला, पाणी काळपटलं आणि बघता बघता कोकमाच्या सरबतासारखं लालचुटूक झालं. तिनं बीकर निववून आईसमोर ठेवला.

"आये, हा सोनाच हाय. लय बारीक झाला की लाल दिसतो."

आई बघतच राहिली. मग उठून तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली, आपल्या आगरातल्या मिठाची चिमूट घेऊन लेकीवरून ओवाळली. "पोरीला दिष्ट नको लागाया." ओवाळलेलं मीठ पाण्यात विरघळवून टाकायचं, ही त्यांच्याकडची रीत. समोर पाणी होतं. तिनं मीठ त्यात सोडलं.

लालाचं जांभळं झालं, जांभळ्याचं निळं. बाटलीतलं माझं सगळं सोनं त्या बीकरमध्ये होतं, आणि माझ्या जिभेवर जे आलं ते काही स्तोत्र नव्हतं. पण तेवढ्यात आईनं पोळल्यासारखा हात मागे घेतला.

"माजे हातून वाटोला झाला काय गो?"

"नाय गो आये, तू बस." पोरीनं खडू उचलला आणि माझ्याकडे न बघता फळ्यापाशी गेली. हे सोन्याचे कण एकमेकांना ढकलत लांब-लांब राहतात, म्हणून पाणी लाल. मिठानं त्यांचं ढकलणं संपवलं, कण जवळ आले, गुठळ्या झाल्या, म्हणून निळं. "सोनं गेलेलं नाही, नुसतं एकत्र आलंय." पॅकिंगवाला पॅकिंग विसरला. मग गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करायचं, असं त्यानं विचारलं, आणि ती त्यालाही नीट उत्तर देत गेली. कित्येक रविवार घसा कोरडा करून मला जे जमलं नव्हतं, ते तिनं एका चिमटीवर करून दाखवलं. सोन्याचा राग कुठल्या कुठे गेला. मला तिचा फार अभिमान वाटला.

आई बीकरकडे बघत नव्हती, फळ्याकडेही नाही. ती लेकीकडे बघत होती.

"सर, ही तिकडंपन अशीच बोलंल?"

"याहून जास्त बोलेल," मी म्हणालो.

बाईनं मान हलवली. उरलेल्या मिठाची पुरचुंडी पुन्हा घट्ट बांधली आणि लेकीच्या हातात दिली.

"ममईला जाशील तवा संगती ने. पन त्या लाल पान्याजवल ठेवू नको."