बाजूच्या दाराचं चिन्ह

कोरियन वहिनी कॉफीचा घोट घेण्याआधी कप फिरवून बघायची. कॉफी गार झाली तरी बेहत्तर, पण कपावरचं दुकानाचं चिन्ह बरं आहे की नाही हे आधी ठरायला हवं. वाईट असलं तर "च्" करून ती बाजू पलीकडे फिरवायची आणि मगच प्यायची.

सौदीत, जेद्द्यातल्या आमच्या कंपाउंडमध्ये ती शेजारच्या घरात राहायची. तिचा नवरा आणि आमचे हे, दोघंही राबिघच्या रिफायनरीच्या कामावर. आठवडाभर तिकडेच राहून गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीसाठी बुधवारी संध्याकाळी घरी यायचे. 'वहिनी' हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. माझ्या सुकटीच्या वासाला तिने कधी नाक मुरडलं नाही, तिच्या आंबवलेल्या कोबीच्या किमचीला मी नाही. तेवढ्यावर आमचं जमलं.

सोलमध्ये ती कॉफीच्या दुकानांची चिन्हं काढायची. तिथे म्हणे पानाच्या टपऱ्यांसारखी गल्लोगल्ली कॉफीची दुकानं. मोडक्या इंग्रजीत सांगायची, "कॉफी सगळ्यांची सारखीच. माणूस चिन्ह बघून दार ढकलतो." इथे ती नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर आलेली, काम करायची परवानगी नाही. मग दर गुरुवारी स्वतःच्याच दारावर नवं चिन्ह चिकटवून आम्हा बायकांना कॉफीला बोलवायची. आम्ही चिवडा घेऊन जायचो. चिन्हाला नुसतं "छान" म्हटलं की ती चिडायची. "छान म्हणजे तू बघितलंच नाहीस!"

पुढे नाक्यावर कॉफीचं दुकान उघडलं. तिथल्या नियमाने पुढचं झगझगीत दार नुसत्या पुरुषांचं; आम्ही बायका, नवरे बरोबर असले तरी, बाजूच्या गल्लीतून, फॅमिलीच्या दाराने आत. त्या दारावर काहीच नव्हतं, गोदामाचं वाटावं असं. "गिऱ्हाईक आपणही ना?" असं म्हणून ती त्या दारासाठी चिन्ह काढायला बसली. नवऱ्याचं काम संपत आलं होतं. जाण्याआधी या शहरात आपलं एक तरी चिन्ह लागावं, एवढीच तिची इच्छा होती. एका रेघेत कप, आणि वाफ वर जाता जाता दाराच्या कडीसारखी वळलेली. ह्यांनी तो कागद मालकाला नेऊन दिला.

मालकाला चिन्ह फारच आवडलं. त्याने ते मोठ्ठं करून लावलं, पण पुरुषांच्या दारावर.

ह्यांनी तिचं अभिनंदन केलं. ती हसली आणि गाडीत बसल्यावर रडली.  मला तिच्याइतकंच वाईट वाटत होतं.

त्यांच्या परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघं तिथेच गेलो. दोघं नवरे आत शिरले. ती मात्र बाजूच्या त्या कोऱ्या दाराशी थांबली आणि पर्समधून काळा मार्कर काढला. "अबाया पसर," म्हणाली. लग्नात अंतरपाट धरतात तसा मी दोन्ही हातांनी अंगावरच्या अबायाचा काळा घोळ तिच्याआड धरला. मी गल्लीच्या तोंडाकडे बघत होते आणि ही बाई एक पाऊल मागे सरून, मान तिरकी करून दारावर काढलेल्या कपाची रेघ बरोबर आली का ते बघत होती. मग तिने दार ढकललं.

मालकाने ते चिन्ह पुसलं नाही. उन्हाने मात्र ते फिकं पडायचं. तसं झालं की मी ह्यांना पुढे व्हायला सांगायचे आणि मार्करने गिरवून ठेवायचे. अबाया धरायला मात्र आता कोणी नसायचं.