बाबांना विचारून सांगते

“मॅम, मी अजून हो म्हटलेलं नाही,” स्नेहल म्हणाली.

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. ऑफर मिळाली की मुलं आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात मिठाईचा डबा घेऊन येतात. ही हात हलवत आली होती.

परदेशात पीएचडीला जाणाऱ्यांना सल्ला देणं हे माझं काम. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “खर्च किती?” मग मी समजावते, की युरोपात बऱ्याच ठिकाणी पीएचडी ही नोकरीच असते. प्रोफेसरकडे प्रोजेक्टचे पैसे असतात, त्यातून पगार मिळतो. यालाच फंडेड पोझिशन म्हणतात. पण ते पैसे ठरल्या मुदतीत वापरावे लागतात. जागा एक आणि मागे उमेदवारांची ही रांग.

स्नेहलला अशी जागा मिळाली होती. बटाट्यावरच्या करपा रोगाचं संशोधन. वडील सैन्यात सुभेदार, मूळ साताऱ्याकडचे. ती आणि आई दिल्ली कॅन्टच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मॉक इंटरव्ह्यूत “पीएचडीनंतर काय?” असं विचारलं की भल्याभल्यांची फेफे उडते. ही म्हणाली होती, “पोस्टडॉक म्हणजे पुढची संशोधनाची नोकरी मिळाली तर ती, नाहीतर परत येऊन बियाण्यांवर काम.” पोरगी पक्की होती.

“मग अडलं कुठे?” मी विचारलं.

“बाबांना विचारायचंय. ते सीमेवर, डोंगरातल्या पोस्टवर आहेत, तिथे नेटवर्क नाही.”

“ते नाही म्हणतील?”

“नाही म्हणणार नाहीत. पण विचारल्याशिवाय कसं?”

तिने प्रोफेसरांना पाठवलेला मेल दाखवला. वडिलांशी बोलून कळवते, कृपया थोडा वेळ द्यावा.

आपल्याकडे हे वाक्य म्हणजे जवळजवळ होकारच. तिकडे त्याचा अर्थ, मुलीचं मन डळमळतंय. मी अक्षरशः हात जोडले. “आत्ता हो लिही. बाबांना नंतर सांग.”

ती रडवेली झाली. “मॅम, मी शाळेच्या ट्रिपलासुद्धा विचारल्याशिवाय गेले नाही.”

तिच्या आईला फोन लावला. त्या म्हणाल्या, “येईल हो यांचा फोन एक-दोन दिवसांत. इतकी काय जल्दी आहे?”

फोन आला नाही. वर बर्फ पडत होता. प्रोफेसरांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा वेळ मागितला. मग अतिशय सभ्य भाषेत मेल आला. प्रोजेक्ट थांबवता येत नाही, जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. मी स्वतः लिहून पाहिलं, उपयोग झाला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढे सुभेदार रजेवर आले आणि तिला घेऊन ऑफिसात आले. खुर्चीच्या कडेवर ताठ बसले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, मी म्हणाले. याच विषयात फंडेड जागा निघेलच असं नाही, हेही सांगितलं. स्नेहल खाली मान घालून बसली होती.

“हिने अर्ज केला तेव्हापासून कंपनीतल्या सगळ्या जवानांना सांगतोय मी, पोरगी परदेशात शिकायला जाणार म्हणून,” ते म्हणाले. “माझं हो तर कधीचंच होतं, मॅडम.”

“मग तिला सांगितलं का नाहीत?”

त्यांनी तिच्याकडे बघितलं. म्हणाले, “तिने विचारलं नव्हतं ना.”

आता मी पहिल्याच भेटीत आई-वडिलांना समोर बसवते आणि म्हणते, “जागा मिळाली तर हो, असं मुलांना आत्ता माझ्यासमोर सांगा.” लोक हसतात. “अहो मॅडम, ते काय सांगायचं असतं का?”

सांगायचं असतं, मी म्हणते.