शकुमावशींची पट्टी

शकुमावशींच्या टाचेची जखम मी, दवाखान्याची नर्स, पंधरा दिवस भाजे गावात जाऊन धुतली. त्यांना मधुमेह, म्हणून पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की अनवाणी चालायचं नाही, चिखलात पाय घालायचा नाही. मावशींनी देव्हाऱ्यापुढे हात जोडून शब्द दिला. रविवारी माझी सुट्टी, म्हणून त्यांच्या सुनेला, अनिताला, पट्टी बांधायला शिकवलं.

जखम भरेना. मी डॉक्टरांशी भांडले, औषध बदलून घेतलं.

आज पट्टी सोडायला बसले, तर ती मी काल बांधली त्यापेक्षा पांढरी! आणि पायाच्या नखांत चिखल.

"भाताच्या आवणीला, रोपं लावायला गेला होतात?"

"मंग? सगळ्यांनी आमची आवणी करून दिली. आता त्यांच्या खाचरात न्हाई गेले तर तोंड कसं दावू?"

"रोज?"

"रोज. तुमी यायच्या आत पाय धुऊन नवी पट्टी बांधायचो. तुमाला वाईट वाटू नये म्हनून."

माझं डोकंच फिरलं. "बांधायचं कोण?"

अनिता हसली. "मीच की, ताई. तुमीच शिकवलं."

तिची गाठ इतकी सुबक होती, की पंधरा दिवस मी ती माझीच समजून सोडत होते.