मामेसासऱ्यांचा भांगेचा परवाना

पुण्यात व्यसनांपासून सर्वांत लांब राहिलेला माणूस शोधायला निघालात, तर तो शोध माझ्या मामेसासऱ्यांपाशी येऊन थांबेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा चहासुद्धा घेत नाहीत. सुपारीचं खांड त्यांच्या तोंडात गेलेलं कुणी पाहिलेलं नाही. लग्नाकार्यात मसाला दूध समोर आलं, तर ते वाढणाऱ्याला जायफळाचं प्रमाण विचारतात आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पेला परत करतात. आणि तरीही कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत शेंबड्या पोरापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना ओळखतात ते 'भांगवाले काका' म्हणून.

त्यात चूक काही नाही. मामा वैद्य आहेत. खडकीला स्टेशनाजवळ दोन खोल्यांत त्यांचा औषधं तयार करण्याचा छोटा कारखाना होता, आणि तिथे ते झोप न येणाऱ्यांसाठी आणि जुनाट दुखण्यांसाठी विजयेचं चूर्ण करत. विजया म्हणजे भांगेची पानं. ती बाळगायला सरकारी परवाना लागतो, आणि मामांकडे तो होता. नुसता होता म्हणणं अपुरं आहे. त्यांनी त्याची छोटी प्रत लॅमिनेट करून घेतली होती आणि ती कायम शर्टाच्या खिशात असे. एकदा कर्वे रस्त्यावर वाहतूक पोलिसाने स्कूटर अडवून लायसन मागितलं. मामांनी खिशातून भांगेचा परवाना काढून त्याच्या हातात ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

"काका, गाडीचं दाखवा."

"गाडीचं कुणीही दाखवेल," मामा म्हणाले. "हे शहरात किती जणांकडे आहे, विचारून पाहा."

होळीच्या आदल्या दिवशी सोसायटीतली कॉलेजची मुलं दरवर्षी मोठ्या आशेने त्यांची बेल वाजवत. मामा त्यांना आत घेत, सतरंजीवर बसवत, आणि झाडाच्या पानाला कायदा काय म्हणतो व फुलोऱ्याला काय म्हणतो, यावर पाऊण तास बोलत. पान म्हणजे भांग, फुलोरा म्हणजे गांजा. पहिल्याला परवाना, दुसऱ्याला तुरुंग. "येरवड्याला राहायचं असेल तर मला विचारू नका, तिथे ओळख लागत नाही," असं म्हणून ते प्रत्येकाला एकेक खोबऱ्याची वडी देऊन वाटेला लावत. पुढच्या वर्षी नवी मुलं येत.

पुडीच्या बाबतीत तर ते फारच विक्षिप्त. प्रत्येक पुडीवर रोग्याचं नाव आणि मात्रा स्वतःच्या हाताने लिहायचे, आणि मागच्या बाजूला प्रश्न: झोप कधी लागली? जाग कधी आली? सकाळी तोंड कोरडं पडलं का? उत्तरं लिहून पुडीचा कागद परत आणला नाही, तर पुढची पुडी नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी कागदावर 'तुम्हाला काय करायचंय?' असं लिहून आणलं. मामांनी तीन आठवडे त्यांना दारातूनच परत पाठवलं. चौथ्या आठवड्यात ते बायकोला साक्षीदार म्हणून घेऊन आले आणि दोघांनी मिळून घोरण्यासकट सगळा अहवाल दिला.

पानं धुवायची ती पाण्याचा हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत, मग सावलीत वाळवायची, मग गाईच्या तुपावर मंद आचेवर परतायची. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी परतलेल्या पानांचा, नमुना बाटलीत भरून फळीवर ठेवलेला. मनासारखा उतरला नाही की अख्खा घाणा खड्ड्यात. मी हळहळलो की म्हणायचे, "जावईबापू, प्रत्येक घाणा तपासायलाच हवा. न तपासता देणारा तो वैद्य नव्हे. तो पुड्या बांधणारा."

आणि त्यांचं एक भाकीत होतं. गांजा आज ना उद्या कायदेशीर होणार आणि त्या दिवशी मोठ्या कंपन्या येणार. हे ते कुठेही सांगत. माझ्या पुतण्याच्या मुंजीत पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना त्यांनी वरणभातापासून ताकापर्यंत हाच विषय ऐकवला. "कंपनी गांजा विकणारच नाही हो. ती निवांतपणा विकेल. डबी इतकी देखणी करेल की तुम्ही ती टेबलावर ठेवाल. मग सरकारला म्हणेल, लहान लोक घाणेरडं काम करतात, जरा कडक नियम करा. नियम झाला की लहान लोक आपोआप घरी." गृहस्थ जिलबीकडे बघत म्हणाले, "पण स्वस्त मिळेल ना?" मामा म्हणाले, "मिळेल की. कंपनीला रोज घेणारा माणूस हवा असतो. मला बरा होऊन परत न येणारा हवा असतो. धंदा कुणाला कळतो, ते तुम्हीच ठरवा."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, आणि आता जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. कारण मी अशाच एका मोठ्या औषध कंपनीत नोकरी करतो. नियम आणि परवाने हा माझा विभाग. मुंजीनंतर काही महिन्यांनी आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की कंपनी विजयेची झोपेची गोळी आणणार आहे. उद्या कायदा आणखी सैल झालाच, तर आपलं नाव आधीच लोकांच्या तोंडी असावं. त्यासाठी सरकारी समितीला एक निवेदन द्यायचं होतं, आणि ते मी लिहायचं होतं.

मी तीन रविवार खडकीला गेलो. का विचारतोय, ते मामांना सांगितलं नाही. जावयाला अखेर आपल्या विद्येची गोडी लागली, असं समजून त्यांनी सगळं उघडं केलं: वह्या, बाटल्या, फसलेले घाणे. त्यावरून मी निवेदनात दोन वाक्यं लिहिली. पहिलं, विजयेचा प्रत्येक घाणा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलाच पाहिजे. दुसरं, लहान उत्पादकांसाठी ही तपासणी सरकारने अल्प दरात करून द्यावी. साहेबांनी दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली. "हे आपण कशाला सांगायचं?"

मी म्हणालो, "बरोबर आहे, सर."

एवढंच म्हणालो. वाद घातला आणि हरलो, असं झालं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

नियम आला तो जवळपास माझ्याच शब्दांत. दोन किलोच्या घाण्याला आणि दोन टनांच्या घाण्याला तपासणी एकच आणि तिचा खर्चही एकच, म्हणजे मामांच्या अख्ख्या घाण्याच्या किमतीहून जास्त. त्या रविवारी मी खडकीला गेलो तेव्हा मामा भिंग घेऊन तो नियम वाचत बसले होते, आणि चक्क खुशीत होते.

"या, जावईबापू. हे वाचलंत का? कुणीतरी जाणकाराने लिहिलंय बरं. नाहीतर सरकारी माणसाला घाणा हा शब्द सुचायचा नाही."

"मामा, ते मी लिहिलंय."

त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही. कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"मग पुढचं वाक्य कुठाय? लहान माणसाने तपासून कुठून घ्यायचं?"

"होतं. साहेबांनी खोडलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरोबर आहे, म्हणालो."

त्यांनी कागदाची घडी घालून ती भिंगाखाली ठेवली. मग म्हणाले, "निदान मला तरी खरं सांगितलंत. कंपनीत चालतं का हे?" आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

मामांनी परवाना परत करायचं ठरवलं. मुदत संपेपर्यंत तो घरात पडला असता तरी कुणी विचारायला आलं नसतं, पण जे करायचं नाही त्याचा परवाना बाळगायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. स्कूटरवर मागे बसवून मीच त्यांना कचेरीत नेलं. तिथला कारकून गोंधळला. "आजोबा, परत कुणी देत नाही हो. त्याचा फॉर्मच नाही." मामा म्हणाले, "मग एक तयार करा. मी बसतो." ते बसले. दुपारपर्यंत कारकुनाने कोऱ्या कागदावर पोच लिहून, शिक्का मारून दिली. मामांनी तीत शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून घेतल्या.

तिथून आम्ही कारखान्याची पाटी उतरवायला खडकीला आलो, तर पायरीवर एक चाचा बसले होते. तिथल्याच बाजारात आयुष्यभर शिंपीकाम केलेले, मामांचे जुने रोगी. मामांनी त्यांना सांगितलं की चूर्ण आता होणार नाही, आणि एव्हाना बाजारात आलेल्या आमच्या कंपनीच्या गोळीचं नाव कागदावर लिहून दिलं. जराही न अडखळता.

चाचांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "ठीक आहे, वैद्यजी. पण घ्यायची किती?"

मामा माझ्याकडे वळले. त्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"वय अडुसष्ट. कात्री धरून धरून उजवा हात कामातून गेलेला. पहाटे दोनला जाग येते, मग झोप नाही. भांगेचं यांना पटकन चढतं, म्हणून मी निम्मी मात्रा द्यायचो. तुमच्या गोळीत यांना किती?"

"डॉक्टरांच्या सल्ल्याने, असं लिहिलंय डबीवर," मी म्हणालो.

"कुठल्या डॉक्टरांच्या?"

चाचाच संकोचून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. साहेबांना इतकी कामं असतात."

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

ऑफिसात मी खरंच विचारत फिरलो. विक्रीवाल्यांनी मला गोळी कुठल्या शहरात किती खपते ते सांगितलं, आणि एकाने जाहिरातीतली गादी दाखवली. चाचांसारख्या माणसाने किती घ्यावी, हे कुणाला विचारायचं, ते मला अजून सापडलेलं नाही. मामांचा फोन दर रविवारी सकाळी येतो. हवापाण्याचं बोलतात, माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करतात. मग बोलणं संपल्यावरही थोडा वेळ फोन ठेवत नाहीत. मला वाटतं, ते उत्तराची वाट बघतात. मीही ठेवत नाही.