पिंजाऱ्याची तात

बॅडमिंटनच्या रॅकेटची तात ढिली पडली होती, म्हणून मी ती पाण्याच्या चुलीच्या धगीवर धरली. पापडासारखी कडक होईल, अशी माझी समजूत. पाच ताती टणाटण तुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला अंतिम सामना!

तात जनावराच्या आतड्याची असते. त्यामुळे आमच्या घरी रॅकेटला उंबरठ्याच्या आत मज्जाव, तिचा मुक्काम गोठ्यात. तिथं ती ओल धरायची. वाशीमात रॅकेट नीट करून देणारा कोणी नव्हता.

सकाळी अकोल्याच्या मोटारीत आम्ही तिघं बसलो. मी, माझा जोडीदार म्हणजे एक तरुण वकील, आणि राखीव म्हणून घेतलेले ओव्हरसीअर. बारा वर्षं क्लबाच्या जोडीत मी होतो. आज हरलो तर ती जागा ओव्हरसीअरची, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या मांडीवर नवी कोरी रॅकेट होती. ती मागणं म्हणजे जागाच देऊन टाकणं.

"मास्तर, नाही जमलं तर मी आहेच," ते इतकं गोड बोलले की मला बसवेना.

पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीलाही तातच असते, हे मला मोटारीत सुचलं. वाटेत मालेगावला मोटारीत पाणी भरायला थांबले, तसा मी उडी मारून पिंजाऱ्याच्या दुकानाकडे पळालो.

म्हातारे चाचा रॅकेट उलटसुलट करून म्हणाले, "याच्यानं मासे धरता का?"

"खेळायचं आहे चाचा. लवकर करा."

"तुमी सोता खेळता? या वयात?"

ते एकेक तात ओवायचे, ओढायचे, नखानं वाजवून कान लावायचे. मी दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून दारात. दोनदा कापसाच्या ढिगात पाय गेला.

"चाचा, मोटार भोंगा वाजवून राह्यली!"

"वाजू द्या. तिचा सूर तसाबी बरोबर नाई."

अकोल्याला पहिला डाव आम्ही जिंकलो. त्या जाड तातीवरून फूल गोफणीच्या गोट्यासारखं सुटत होतं. वकिलांनी माझी पाठ थोपटली. मी ओव्हरसीअरकडे मुद्दाम पाहिलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या डावात रॅकेटचं जुनं लाकूड त्या ओढीनं पिळत गेलं. सरळ मारलेलं फूल डावीकडे जायला लागलं. मग मी उजवीकडे नेम धरू लागलो, तर ते कधी उजवीकडेच जायचं. तो डाव गेला. तिसऱ्यात अखेरच्या गुणाला फूल नेटजवळ आयतं वर आलं. पोरानंही मारलं असतं. मी सगळा जीव एकवटून मारलं, ते डाव्या रेषेबाहेर हातभर जाऊन पडलं.

परतीच्या मोटारीत वकील ओव्हरसीअरांशेजारी बसले. चार दिवसांनी क्लबाची चिठ्ठी आली. तिच्यात माझे आभार मानले होते.

चिठ्ठी घडी करून मी ओसरीवर बसलो आणि बायकोला म्हणालो, "संपलं. आता रोज पाचला मी घरीच."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "रोज? आन् आमी कुठं बसाव? तुमी खेळाले गेले की आमी सात जणी या ओसरीवरच बसतो, बारा वर्सं झाले. उद्यापासून ओव्हरसीअरची बायको बी येनार हाय. तिचा नवरा आता रोज खेळाले जाते ना!"